गिऱ्हाईक संशय घेतंय? घेऊ द्या, पण तपासायची सोय ठेवा

प्रश्न असा आला आहे: गंगाखेड भागातल्या एका तरुणाने गेल्या वर्षी दुचाकीची सबडीलरशिप घेतली, म्हणजे मुख्य डीलरच्या हाताखालचं दुकान. दुकान रोडटच, कंपनी चालणारी. तरी लोक येतात, कोटेशन खिशात घालतात आणि गाडी परभणीहून नाहीतर लातूरहून उचलतात. जे थांबतात ते सोबत गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री आणतात, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून ‘हे कशाचं?’ विचारतात. ‘एवढं नीट बोलूनही लोकांचा भरवसा बसत नाही, काय करावं?’

मी आधी वर्कशॉपला आणि मग काउंटरला, बीड-परभणी-लातूर याच पट्ट्यात धंदा केला. माझं उत्तर पहिल्यांदाच सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला बरं पडेल. नीट बोलण्याचा इथे फार उपयोग नाही. गोड बोलून गंडवलेला माणूस गोड बोलण्यालाच जास्त भितो. तुमचा प्रत्येक शब्द त्याला तुमच्याशिवाय, स्वतःच्या स्वतः तपासून बघता आला पाहिजे. ती सोय तुम्ही करून दिली की निम्मे लोक तपासतही नाहीत.

आधी हे मान्य करा की संशय फुकटचा नाही. ‘हँडलिंग’ नावाचा आकार याच भागात वर्षानुवर्षं लावला गेला. ॲक्सेसरीचं किट घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही, असं सांगितलं गेलं. आरसीसाठी लोकांनी शोरूमला चकरा मारल्या. त्यात मार्च २०१७ लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३, म्हणजे प्रदूषणाच्या जुन्या निकषातल्या गाड्यांच्या विक्रीवर बंदी घातली आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत त्याच गाड्यांवर हजारो रुपयांची सूट निघाली. शोरूमपुढे रांगा लागल्या. पडून राहिला तर मातीमोल होणारा माल काढायची ती धडपड होती. पण ज्याने फेब्रुवारीत पूर्ण पैसे मोजले होते त्याने एवढंच पाहिलं की रातोरात एवढं सोडता येतं, म्हणजे हे आपल्याकडून एरवी किती काढत असतील! तेव्हापासून ‘मार्जिनच नाही हो’ हे वाक्य आपल्या भागात चालत नाही. ते वापरूच नका.

दुसरं, पैसा कसा येतो ते बघा. सोयाबीन झालं, कापूस निघाला, ऊसतोडीची उचल मिळाली, की वर्षातून एकदा हातात रक्कम येते. नोकरदाराची चूक पुढच्या पगारात भरून निघते, आपल्या गिऱ्हाइकाची पुढच्या सुगीत. म्हणून तो चार माणसं घेऊन येतो, बैलबाजारात जातो तसाच. चौघांत ज्याला गाडी पाहिजे ते पोरगं सगळ्यात कमी महत्त्वाचं असतं. पैसे चुलत्याच्या नाहीतर मामाच्या खिशात, निकाल मिस्त्रीच्या तोंडात. आणि जी बाई पुढची दहा वर्षं मागच्या सीटवर बसणार तिला कुणी काही विचारत नाही. तुम्ही विचारा. बसवून दाखवा, पाय फूटरेस्टवर टेकतो का, साडी गार्डमध्ये पदर अडकतो का बघायला सांगा. ‘या दुकानात आपलं कुणी ऐकलं’ हे घरी गेल्यावर तीच बोलते, आणि त्याचं वजन तुमच्या फ्लेक्सपेक्षा जास्त असतं.

आता कोटेशन. तुमचं खरं दुखणं इथे आहे, म्हणून जरा थांबून बोलतो.

बहुतेक सबडीलर एका चिठ्ठीवर ‘ऑन रोड इतके’ लिहून देतात. गिऱ्हाईक ती चिठ्ठी घेऊन बाहेर पडतं ते परत न येण्यासाठीच. त्याला तो आकडा फोडता येत नाही, मग तो फोडून घ्यायला दुसऱ्या दुकानात जातो. तुम्हीच फोडून द्या. एक्स-शोरूम किंमत, त्यात जीएसटी किती. रोड टॅक्स वेगळ्या ओळीत. नोंदणी फी ३०० रुपये, कर्ज असेल तर बोजा चढवायचे ५००. विमा खाली, त्याचेही दोन भाग करून. आणि शेवटी, जाड अक्षरात, ‘ऐच्छिक’ असं लिहून ॲक्सेसरी. ऐच्छिक म्हणजे खरंच ऐच्छिक. किट नको म्हटलं तर गाडीची तारीख पुढे ढकलायची नाही.

हँडलिंग काढून टाका. ते कुठल्याच सरकारी फीमध्ये बसत नाही, आणि मिस्त्रीला हे तुमच्याआधी माहीत असतं. हेल्मेटचंही तसंच. दुचाकीबरोबर हेल्मेट द्यायचं हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे, ‘फ्री गिफ्ट’ म्हणून मिरवू नका. एकीकडे हेल्मेट फ्री आणि दुसरीकडे किटमध्ये त्याचेच पैसे, हा प्रकार चुलत्याच्या नजरेतून सुटत नाही. नंबर प्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीसोबत कंपनीकडूनच येते, तिची वेगळी ओळ दिसली की वाद ठरलेला.

विम्याबद्दल दोन वाक्यं गिऱ्हाईकाला न विचारता सांगा. पहिलं, पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, सप्टेंबर २०१८ पासून, आणि त्याचा दर सगळीकडे सारखा. ७५ ते १५० सीसीच्या नव्या गाडीला २०२२ च्या अधिसूचनेत पाच वर्षांचे ३,८५१ रुपये ठरले, जीएसटी वेगळा. दुसरं, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग कुठूनही घेता येतो, आमच्याकडूनच घ्या अशी सक्ती नाही. हे ऐकून गिऱ्हाईक हमखास विचारतं, ‘मग तुमच्याकडून का घ्यायचा?’ तेव्हा क्लेम आला तर कागद कोण पळवणार ते सांगा, आणि दोन्ही कोटेशनमध्ये गाडीची किंमत किती धरलीय ते शेजारी शेजारी दाखवा. स्वस्त विम्यात बऱ्याचदा तीच कमी धरलेली असते. तरी बाहेरून घेतला तर हसून घेऊ द्या. विम्याच्या कमिशनपायी गाडी गमावणारे मी ढिगाने पाहिलेत.

सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा हीच परीक्षा झाली. लोक मोबाईलवर बातमी घेऊन आले: ‘दहा टक्के कमी झालेत ना, मग ऐंशी हजाराच्या गाडीचे आठ हजार सोडा.’ हिशोब तसा नसतो. ८०,००० मध्ये मूळ किंमत ६२,५०० होती, तिच्यावर १८ टक्के लावले की ७३,७५० होतात. म्हणजे सव्वासहा हजार कमी. ज्या काउंटरवर कॅल्क्युलेटर गिऱ्हाईकाच्या हातात देऊन हे करून दाखवलं तिथे भांडण झालं नाही. जिथे ‘कंपनीनं तेवढंच कमी केलं’ एवढंच उत्तर मिळालं, तिथे उरलेले पावणेदोन हजार शोरूमवाल्याने खाल्ले असंच गावभर झालं. आकडा दोन्हीकडे एकच होता.

आता खास सबडीलरची अडचण. बिल मुख्य डीलरच्या नावाने निघतं, पासिंगही, म्हणजे आरटीओची नोंदणी, त्याच्याच लॉगिनवरून होतं. गिऱ्हाईकाला हे कागद हातात पडल्यावर कळलं तर तो म्हणणार, ‘दुकान याचं, बिल भलत्याचं, म्हणजे मधला दलाल आहे.’ बुकिंगच्या वेळीच सांगा. भिंतीवर मुख्य डीलरचं नाव, पत्ता, फोन लावा, आणि ‘दर पटला नाही तर तिथे फोन करून विचारा’ असं तोंडाने सांगा. पैसे रोख घेतले तरी पावती मुख्य डीलरचीच फाडा. साध्या पॅडवरची पावती देणं आजच बंद करा. डीलर बुडाला आणि पैसे सबडीलरकडे अडकले, हे किस्से प्रत्येक तालुक्यात आहेत आणि लोक विसरलेले नाहीत.

गाडी कुठल्या महिन्यात बनली ते स्वतःहून दाखवा. फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. जानेवारीत आधल्या वर्षीची गाडी विकायची असेल तर तसं सांगून, सूट देऊन विका. पोरगं बघणार नाही, पण गाडी विकायची वेळ आली की जुन्या बाजारातला माणूस आरसीवरचं वर्ष वाचून पाच हजार पाडतो, आणि त्या दिवशी शिव्या तुम्हाला बसतात.

मुहूर्ताचं एक सांगून पुढे जातो. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय तृतीया, प्रत्येकाला त्याच दिवशी गाडी दारात पाहिजे. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर नंबर लागल्याशिवाय नवी गाडी ताब्यात देता येत नाही. म्हणजे कागद आणि पैसे आधी पूर्ण पाहिजेत. पितृपक्षात गिऱ्हाईक शोरूमची पायरी चढत नाही, दसऱ्याआधी हातात राहतात ते नवरात्रीचे दिवस. ‘पंचमीपर्यंत कागद आले तर दसऱ्याला गाडी, नाहीतर कोजागिरीला’ असं स्पष्ट लिहून लावा. सणाच्या सकाळी हार-नारळ घेऊन आलेल्या कुटुंबाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ सांगण्यापेक्षा आठवडाभर आधी नाराज केलेलं परवडतं.

कर्जाच्या बाबतीत आपल्याकडचा राग सगळ्यात जुना आहे. गाडी ओढून नेली, चेक बाउन्सचे पैसे लावले, हप्ते फिटूनही बोजा उतरला नाही. फायनान्सवाल्याचं टेबल तुमच्या शोरूममध्ये असतं, म्हणून त्याची पापं तुमच्याच नावावर जातात. ‘१२ टक्के व्याज’ म्हणजे नेमकं काय हे तुम्ही समजावून सांगा. ७०,००० चं कर्ज, दोन वर्षं, १२ टक्के फ्लॅट: व्याज १६,८००, हप्ता साधारण ३,६१७. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण ७०,००० वरच लावलंय. घटत्या शिल्लकीवर बघितलं तर तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्जदाराला मुख्य माहितीपत्रक द्यावं लागतं, त्यात सगळे आकार धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. ते पान फायनान्सच्या पोराकडून मागून घ्या आणि सही करण्याआधी चुलत्याच्या हातात द्या. त्याला वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचा. दोन-चार जण कर्ज न घेता परत जातील, पुढच्या सुगीला रोख घेऊन येतील. येतात, मी पाहिलंय.

आणि फुकटात होणारं एक काम. शेवटचा हप्ता कधी संपतो याची वही ठेवा. त्या महिन्यात फोन करा: ‘मामा, कर्ज फिटलं, फायनान्सकडून एनओसी म्हणजे ना-हरकत दाखला घ्या, फॉर्म ३५ भरून बोजा उतरवून घेऊ.’ बऱ्याच गाड्यांचा बोजा हप्ते फिटूनही वर्षानुवर्षं आरसीवर तसाच असतो आणि गाडी विकतानाच कळतो. विक्रीनंतर दोन-तीन वर्षांनी, काही विकायचं नसताना आलेला तो फोन माणूस विसरत नाही.

इथवर कागदाचं झालं. पण माझ्या मते भरवसा बसतो किंवा उडतो तो वर्कशॉपमध्ये, आणि पहिल्याच सर्व्हिसिंगला.

पहिली सर्व्हिसिंग पाचशे-साडेसातशे किलोमीटरला असते. गिऱ्हाईकाच्या डोक्यात ‘फ्री’ एवढंच असतं. त्याला ऑइलचं बिल मिळतं आणि तो म्हणतो, ‘फ्री म्हणून बोलावून पैसे घेतेत.’ या एका वाक्याने तुमची जितकी गिऱ्हाइकं जातात तितकी दुसऱ्या कशाने जात नाहीत. मजुरी फ्री, ऑइल आणि लागेल तो माल विकत, हे गाडी देतानाच सांगायचं. सांगायचंच नाही, सर्व्हिस बुकच्या पहिल्या कूपनवर पेनाने ऑइलचा अंदाजे खर्च लिहून द्यायचा. बुक घरी कपाटात राहतं, पण लिहिताना त्याने पाहिलेलं असतं.

जॉब कार्डवर, म्हणजे गाडी आत घेताना भरायच्या कागदावर, तक्रार गिऱ्हाईकाच्याच भाषेत लिहा. ‘चढाला दम धरीना’ म्हणाला तर तसंच लिहा, ‘पिकअप प्रॉब्लेम’ नको. संध्याकाळी तेच वाक्य वाचून दाखवा आणि त्याला मागे बसवून चढावर फिरवून आणा. अंदाजापेक्षा खर्च वाढत असेल तर गाडी उघडी असतानाच फोन, गाडी बांधल्यावर नाही.

काढलेला माल परत द्या. आमच्याकडे एक गिऱ्हाईक यायचं, केज भागातलं, पिशवीत दगड घेऊन आल्यासारखं तोंड करून. त्याच्या आधीच्या शोरूमने दर सर्व्हिसिंगला ब्रेक शू लावले म्हणून पैसे घेतले होते, आणि त्याला पक्की शंका होती की लावलेच नाहीत. आमच्या मेकॅनिकने चाक खोललं, जुने शू काढून त्याच्या तळहातावर ठेवले, शेजारी नवे. जुन्यांचं लायनिंग अजून बरंच शिल्लक होतं. मेकॅनिक म्हणाला, ‘काका, हे अजून चालतेत, उगं कशाला टाकता?’ साफ करून तेच परत बसवले. त्या दिवशी आमचा धंदा झाला नाही. पुढे त्याच्या भावकीतल्या गाड्या आमच्याकडेच येत राहिल्या. तेव्हापासून नियम केला: बदललेली प्रत्येक वस्तू, चेन असो, फिल्टर असो की पाच रुपयांचा वॉशर, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या हँडलला अडकवायची. काही जण ती गेटबाहेरच फेकतात. फेकू द्या.

वर्कशॉपला काच बसवा, निदान खिडकी तरी. ‘कस्टमरला आत प्रवेश नाही’ ही पाटी सुरक्षेसाठी बरोबर असेल, पण आत काय चाललंय दिसलंच नाही तर माणूस त्याला वाटेल ते धरून चालतो.

ॲव्हरेजचा वाद. जाहिरातीतला आकडा तोंडातून काढू नका, तो चाचणीतला असतो. आपल्याकडे पाऊसकाळात काळी माती मडगार्डमध्ये आणि चेनमध्ये गच्च बसते, उन्हाळ्यात धुळीने फिल्टर चोंदतो, आणि गाडीवर तीन माणसं नाहीतर खताची गोणी. शिवाय पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल; इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच कमी असते, त्यामुळे थोडा फरक पडणारच. (आपलाच ऊस तिकडे जातो, हे सांगितलं की शेतकरी हसतो आणि वाद जरा निवळतो.) तक्रार आली तर टाकी फुल्ल करा, किलोमीटर लिहा, पुन्हा त्याच पंपावर फुल्ल करायला सांगा, आणि भागाकार त्याच्यासमोर करा. बाटलीत पेट्रोल घालून काढलेला आकडा कुणाचाच धरू नका, तुमच्या मेकॅनिकचाही नाही.

राहिला गावचा मिस्त्री. तुम्ही लिहिलंय की तो ‘डोकं खातो’. त्याच्या जागी उभे राहून बघा. रात्री अकराला गाडी बंद पडली तर दार त्याचंच वाजतं, उधारीवर क्लच प्लेट तोच टाकतो. त्याचा शब्द तुमच्या शब्दापेक्षा मोठा असणारच. बरेच डीलर त्याला गाडीमागे गुपचूप पैसे देतात. माझं स्पष्ट मत आहे, देऊ नका. गावात असली गोष्ट पारावर यायला दोन महिने लागत नाहीत, आणि मग मिस्त्रीही जातो आणि तुम्हीही. त्याला उपयोगी पडा. बीएस-६ पासून गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या, इंजिनची लाइट लागली की त्याच्याकडे स्कॅनर नसतो. फोनवर विचारलं तर सांगा, गाडी आणली तर कोड वाचून द्या. ओरिजनल माल त्याला पक्क्या बिलाने द्या, काउंटरवर डुप्लिकेट ठेवू नका. चैत्र-वैशाखात काम कमी असतं, तेव्हा आसपासच्या चार मिस्त्रींना बोलावून एक इंजिन खोलून दाखवा. पुढच्या वेळी तो गिऱ्हाइकासोबत येईल तेव्हा प्रश्न विचारेलच, पण उत्तर त्याला आधीच ठाऊक असेल.

लकी ड्रॉ, सोन्याचं नाणं, ‘मराठवाड्यात नंबर एक’चे फ्लेक्स, यावर मी बोलत नाही. तुमच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही.

हे सगळं एका दसऱ्यात दिसणार नाही. किती गाड्या विकल्या हे मोजण्याऐवजी वर्षभर एवढंच मोजा, की फ्री कूपन संपल्यावर स्वतःच्या पैशाने सर्व्हिसिंगला किती जण परत आले. सक्ती संपल्यावर जो येतो तोच धरायचा.

एक अडचण मात्र एकट्या तुमच्या हातात नाही, ती आधी सोडवा. वरचं कोटेशन करायचं तर मुख्य डीलर तयार पाहिजे. येत्या आठवड्यात परभणीला जाऊन त्यांच्याकडून सगळ्या मॉडेलचे दर ओळ-ओळ फोडून, सही-शिक्क्याने मागा, आणि हँडलिंग व सक्तीचं किट तुमच्या दुकानापुरतं बंद करा म्हणून सांगा. बहुतेक जण कुरकुरत का होईना, मानतात, कारण गाड्या त्यांनाही विकायच्या असतात. लेखी द्यायला नाहीच म्हणाले, तर दुकानाचं भाडं आणि डिपॉझिट यांचा हिशोब काढा आणि दुसऱ्या कंपनीशी बोलणी सुरू करा. गाव तुमचं आहे, गंगाखेडात तोंड तुम्हाला दाखवायचंय, त्यांना नाही.